फवारणी होऊनही ढेकूण परत येतात? आधी तारीख बघा

"तुमचीच माणसं येऊन फवारून गेली, आणि पुन्हा तेच!" हा फोन मी इतक्या वेळा उचललाय की पलीकडचं वाक्य संपायच्या आत माझा प्रश्न तयार असतो: फवारणीनंतर पहिला ढेकूण कितव्या दिवशी दिसला? उत्तर बहुधा "झाले असतील आठ-पंधरा दिवस" असं येतं. आठ की पंधरा, यावर पुढचं सगळं ठरतं, म्हणून मी पुन्हा विचारतो. माणूस वैतागतो. त्याला औषध हवं असतं आणि मी तारीख मागत बसतो.

सार्वजनिक आरोग्य खात्याच्या कीटक नियंत्रणाच्या कामात बरीच वर्षं गेली. 'ढेकूण परत आले' या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. सगळ्यांना एकच इलाज केला, म्हणजे आणखी एक फवारणी, जरा कडक औषधाची, की ढेकूण तिथेच राहतात आणि घरातल्या माणसांच्या नाकातोंडात मात्र विष जातं. कोणती तक्रार आहे ते दोन गोष्टींवरून कळतं. ढेकूण किती दिवसांनी दिसला, आणि केवढा होता. बाकी मजला, खोली, गादीची जात, हे सगळं नंतर.

तो ढेकूणच आहे ना?

चाव्यावरून ढेकूण ओळखता येत नाही. अंगावर ओळीने गांधी उठल्या म्हणजे ढेकूण, असं सर्रास सांगितलं जातं. तसं काही नसतं. एकाच गादीवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकाचं अंग गांध्यांनी भरतं आणि दुसऱ्याला काहीच होत नाही. वयस्कर माणसांना तर अनेकदा चावा कळतच नाही. शिवाय आयुष्यात पहिल्यांदाच चावा बसला असेल तर गांधी उठायला आठवडा-दहा दिवसही लागू शकतात, त्यामुळे "काल रात्री चावला" यावरही विसंबता येत नाही. मी स्वतः खरजेच्या घरात दोन तास ढेकूण शोधत बसलोय. घरातल्या सगळ्यांना खाज, रात्री जास्त, बोटांच्या बेचक्यांत पुरळ; हे मी आधी विचारायला हवं होतं. त्या घराला फवारणीची गरजच नव्हती, डॉक्टरची होती.

पुरावा म्हणजे तीन गोष्टी: जिवंत किडा, टाकलेली कात आणि काळे ठिपके. ठिपके गादीच्या शिवणीवर पेनाच्या टोकाने टिंबं काढल्यासारखे दिसतात. ओल्या कापसाने टिंब पुसा. तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ते पचलेलं रक्त आहे. नुसते ठिपके आणि कात सापडली तर ती जुनी असू शकते, मागच्या फवारणीच्या आधीचीही. म्हणून पहिल्या तपासणीनंतर ते सगळं पुसून काढा. नंतर दिसेल ते नवं.

दिसलेला किडा मारून फेकू नका. पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवा, खाली तारीख आणि जागा लिहा. माझ्या लेखी हा तुकडा दहा फोटोंपेक्षा जास्त कामाचा, कारण फोटोत आकार कळत नाही.

ढेकूण माणसांत रोग पसरवतो असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे कित्येक ठिकाणी या कामाला डासांच्या मागची जागा मिळते. पण महिनोन्‌महिने झोप न झालेल्या माणसाला हे ऐकवून बघा.

दोन-तीन दिवसांतच दिसले

इथे घाई करू नका. फवारणीनंतर पहिले काही दिवस ढेकूण दिसणं स्वाभाविक आहे. बरीच औषधं त्यांना चिरेतून बाहेर हुसकावतात, आणि काही औषधं सावकाश मारतात. बघायचं ते एवढंच की दिसलेला ढेकूण कसा चालतोय. अडखळतोय, उलटा पडतोय, पाय झाडतोय, तर औषध काम करतंय. आठवड्यानेही तो तुरुतुरु पळत असेल आणि पोट रक्ताने फुगलेलं असेल, तर औषध त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही किंवा पोचूनही लागू पडलेलं नाही.

लागू न पडणं ही जुनी गोष्ट आहे. डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्यूलरने १९३९ मध्ये शोधला आणि १९४७ मध्ये, म्हणजे आठच वर्षांनी, पर्ल हार्बरच्या बराकींमध्ये डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. आज घरगुती वापरात सर्वाधिक दिसणारी औषधं पायरेथ्रॉइड गटातली आहेत, आणि ती किड्याच्या मज्जातंतूंवर डीडीटीसारखाच, त्याच जागी, सोडियमच्या वाहिन्यांवर घाव घालतात. त्या वाहिनीत किंचित बदल झालेला ढेकूण दोन्हींतून वाचतो. काही ढेकणांमध्ये विष फोडणारी विकरं वाढलेली असतात. २०१६ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की जे ढेकूण जास्त वेळ टिकले त्यांची बाहेरची कातडीच जाड होती.

याचा घरातला अर्थ साधा आहे. बाटली बदलून औषध बदलत नाही. लेबलावरचं रासायनिक नाव वाचा. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, परमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन: शेवटी 'थ्रिन' आलं की भावंडंच. एकाने मेले नाहीत म्हणून दुसरं आणलं, दुसऱ्याने नाही म्हणून तिसरं, असं करत एका घरात चार बाटल्या जमलेल्या मी पाहिल्या आहेत, चारही एकाच गटातल्या.

शंका असेल तर आम्ही एक ढोबळ चाचणी करतो. कागदावर नेहमीच्या मात्रेत औषध मारून तो पूर्ण वाळवायचा, त्यावर त्याच घरातले पाच-सहा ढेकूण उपड्या पेल्याखाली ठेवायचे. शेजारी साध्या कागदावर तेवढेच. चोवीस तासांनी बघायचं. दोन्हीकडे सारखेच फिरत असतील तर त्या औषधाचा पंप त्या घरात पुन्हा न्यायचा नाही. प्रयोगशाळेत असल्या चाचणीला कोणी मान देणार नाही, पण पुढच्या चार फेऱ्या वाचतात.

अशा घरात रसायनावरचा भर कमी करून वाफ, व्हॅक्यूम आणि सिलिकाची पूड यांच्याकडे वळायचं. सिलिकाची बारीक पूड ढेकणाच्या अंगावरचा मेणाचा थर शोषून घेते आणि तो सुकून मरतो. याला मज्जातंतूंशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे वरचा बदल झालेला ढेकूणही सुटत नाही. पूड अगदी पातळ हवी, चिरांच्या आत, स्विचबोर्डच्या झाकणामागे (वीज बंद करूनच), भिंत आणि फरशीच्या सांध्यात. ढीग घातला तर ढेकूण वळसा घालून जातो. आणि उघड्यावर उडवली तर ती तुमच्या फुप्फुसात जाते, म्हणून तोंडाला मास्क हवाच.

दहा ते वीस दिवसांनी दिसले

सगळ्यात जास्त तक्रारी या खिडकीतल्या. इथे आकार बघा. टाचणीच्या डोक्याएवढा, फिकट, जवळजवळ पारदर्शक, आणि रक्त प्यायला असेल तर पोटात लाल थेंब दिसणारा असेल, तर कोणीही 'परत' आलेलं नाही. ही तिथेच चिकटलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं आहेत.

अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, मोत्यासारखं पांढरं, आणि मादी ते लाकडाच्या खरखरीत भागाला डिंकाने चिकटवल्यासारखं चिकटवते. खायला मिळत असेल तर दिवसाला एक ते पाच अंडी. उबदार खोलीत ती ६ ते १० दिवसांत फुटतात. गारठा असेल तर दोन आठवडे किंवा जास्तही घेतात. बहुतेक फवारण्यांचा कवचावर फारसा परिणाम होत नाही. पिल्लू बाहेर पडल्यावर औषध लागलेल्या जागेवरून चाललं तर मरेल, पण तोवर ते औषध तिथे शिल्लक हवं. आणि ते नसतं, कारण तिसऱ्या दिवशी वास सहन होईना म्हणून कोणीतरी पलंगाची चौकट ओल्या फडक्याने पुसलेली असते. आम्ही "पुसू नका" म्हणून सांगतो. पण का पुसायचं नाही ते सांगत नाही, आणि कारण न सांगितलेली सूचना दोन दिवस टिकते.

पिल्लाला मोठं व्हायला पाच वेळा कात टाकावी लागते आणि प्रत्येक कातीआधी एकदा तरी रक्त लागतं. ऊब आणि माणूस दोन्ही मिळालं तर अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंत पाच ते सात-आठ आठवडे. तेव्हा दुसरी फेरी केव्हा हवी? अंडी फुटल्यावर, आणि त्यातून निघालेल्यांनी नवी अंडी घालायच्या बऱ्याच आधी. म्हणजे पहिल्या फवारणीनंतर १० ते १४ दिवसांनी. दिसले की बोलवा, हा नियमच चुकीचा आहे. दुसऱ्या भेटीची तारीख पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर द्यायला हवी. चौथ्या दिवशी घाबरून केलेली दुसरी फवारणी वाया जाते, कारण तेव्हा निम्मी अंडी अजून बंद असतात. बऱ्याच घरांना तिसरी फेरीही लागते.

अंड्यांना रसायन लागत नसलं तरी उष्णता लागते. ४८ अंश सेल्सियसला मोठे ढेकूण लवकर मरतात, पण अंड्यांना त्याच तापमानात तासाहून जास्त वेळ लागतो. ५५ अंशांच्या आसपास मात्र तीही लगेच जातात. कपडे आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा, किंवा कोरडेच ड्रायरमध्ये सगळ्यात गरम तापमानाला अर्धा तास फिरवा. धुता न येणारी लहान वस्तू उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा. नेहमीच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढा गार असतोच असं नाही, थर्मामीटर ठेवून बघा.

गादी उन्हात टाकणं हा सगळ्यांचा आवडता उपाय. वरचं कापड हाताला चटका देतं, पण गादीचा गाभा थंडच राहतो, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकून मजेत बसतो. त्यापेक्षा वाफ बरी. वाफेच्या यंत्राला रुंद तोंड लावायचं, जोर कमी ठेवायचा (बारीक तोंडातून जोरात सोडली तर ढेकूण उडून दुसरीकडे पडतात) आणि शिवणीवरून इतकं सावकाश फिरवायचं की मागे पृष्ठभाग ७०-८० अंशांवर जाईल. डबल बेडला मला पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत उरकणाऱ्याने गादी फक्त ओली केलेली असते.

महिना-दोन महिन्यांनी, आणि मोठेच दिसले

आता मजा येते. मधल्या काळात शांतता, आणि मग एकदम पूर्ण वाढलेले, तांबूस, पाच-सहा मिलिमीटरचे ढेकूण. याचा अर्थ कुठेतरी एक अड्डा सुटलाय. तो घरात आहे किंवा भिंतीपलीकडे आहे.

एका वृद्ध गृहस्थांच्या घरी तीन वेळा फवारणी झाली होती. पलंग सुटा करून, स्क्रूची भोकंसुद्धा तपासून. दर वेळी महिनाभर बरं, मग पुन्हा. चौथ्या वेळी मी स्वतः गेलो. काहीच सापडेना. फवारणी करायची म्हणून त्यांना बाहेर बसायला सांगितलं तेव्हा ते उठले, पलंगाच्या डोक्याशी अडकवलेली काठी घेतली आणि हळूहळू दाराकडे निघाले. मी ती काठी मागून घेतली. खालचं रबरी बूच घट्ट होतं, पिळून काढावं लागलं. बुचाच्या आतल्या कडेला काळ्या टिंबांची गोल रांग, तिला चिकटलेली अंडी, कातींचा चुरा, आणि लाकडाच्या टोकावर अंग चोरून बसलेले दोन मोठे ढेकूण. तिन्ही फवारण्यांच्या वेळी ते आजोबांबरोबर बाहेर जाऊन बसले होते आणि संध्याकाळी घरी परतले होते.

तेव्हापासून माझ्या यादीत एक प्रश्न कायमचा आला: फवारणीच्या वेळी घराबाहेर काय काय जातं? काठी, व्हीलचेअर, हातातली पर्स, मुलांची दप्तरं, लॅपटॉपची बॅग, आजारी माणसाची उशी. या सगळ्यांची तपासणी दारातच व्हायला हवी. बुचाला गरम पाणी पुरलं. व्हीलचेअरच्या घड्यांना वाफ लागते.

घरात राहिलेले अड्डे शोधताना टॉर्च, एक जुनं प्लॅस्टिकचं कार्ड आणि स्क्रू-ड्रायव्हर एवढं पुरतं. कार्ड चिरेतून ओढलं की आतला ऐवज बाहेर येतो. क्रमही ठरलेला आहे: गादीची शिवण आणि हातळ्या (गादी उचलायला कडेला शिवलेल्या पट्ट्या), मग पलंगाची डोक्याकडची फळी (ती काढूनच, मागून बघायची), फळ्यांचे सांधे, मग झोपायच्या जागेपासून दोन मीटरच्या आतलं सगळं. पडद्याच्या वरच्या चुण्या, भिंतीवरच्या फोटोची मागची बाजू, सुटलेल्या वॉलपेपरची कड. सोफ्यावर कोणी दुपारी झोपत असेल तर सोफा हाही पलंगच समजायचा. "आम्ही तिथे झोपत नाही" या उत्तरावर मी विश्वास ठेवत नाही. टीव्हीसमोर डुलकी लागते तिला घरचे झोप म्हणत नाहीत, ढेकूण म्हणतो.

आता भिंतीपलीकडचं. एका बहुमजली इमारतीच्या अभ्यासात, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पहिला ढेकूण आल्याचं नक्की झाल्यापासून ४१ महिन्यांत ४५ टक्के घरांमध्ये ढेकूण पोचले होते. म्हणून एका घरात सापडले की डावं, उजवं, वरचं आणि खालचं, चारही घरं तपासायची. तपासायची म्हणतोय, फवारायची नाही. इथे खरी अडचण माणसांची असते. शेजारी दार उघडत नाही, कारण ढेकूण निघाले तर आपल्याला घाणेरडं समजतील. ढेकणाला स्वच्छतेशी काही घेणं नाही, त्याला उबदार अंग आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागतो. पसाऱ्याने फक्त लपायच्या जागा वाढतात. आम्ही आता तपासणीची चिठ्ठी सगळ्या मजल्याला एकदम देतो, कोणाकडे सापडले ते न लिहिता. दारं जास्त उघडतात.

आणि ज्या शेजाऱ्याला चावेच येत नाहीत असा वृद्ध, एकटा माणूस असेल, तर सगळ्यात आधी त्याच्याकडे जा. तक्रार कधीच न केलेल्या अशाच एका घरात मी गादीच्या कडेने बोटभर जाडीची काळी किनार पाहिली आहे. वरच्या आणि शेजारच्या घरांत मिळून आमच्या सात फेऱ्या झाल्या होत्या, आणि त्या दारावर कोणी टकटक केली नव्हती.

तीन-चार महिन्यांनी किंवा त्याहून उशिरा

ही बहुधा नवी लागण. प्रवासाची बॅग, वापरलेलं फर्निचर, मुक्कामाला आलेला पाहुणा, वसतिगृहातून सुट्टीला आलेलं मूल. इथे फवारणी फसली असं म्हणणं अन्यायाचं आहे. मात्र एक अपवाद आहे: घर मध्ये बंद होतं का? उपाशी ढेकूण साध्या खोलीत काही महिने आणि गारठ्यात वर्षभरही तग धरू शकतो. "आम्ही दोन महिने घर बंद ठेवलं, उपाशी मरतील म्हणून" हे ऐकलं की मी ही नवी लागण धरत नाही, जुनीच धरतो.

ज्याने घोळ वाढतो ते

झोपायची खोली बदलणं. पलंग सोडून बाहेरच्या खोलीत झोपायला गेलात की ढेकूण मागोमाग येतात आणि एकाऐवजी दोन खोल्या होतात. त्रास झाला तरी त्याच पलंगावर झोपा.

सामान इकडून तिकडे हलवणं. आमच्याच जुन्या पत्रकात "फवारणीपूर्वी सामान दुसऱ्या खोलीत काढून ठेवावे" असं छापलेलं होतं. म्हणजे लागण आम्हीच वाटत होतो. आता सांगतो: त्याच खोलीत, पिशव्यांत, तोंड बांधून.

सगळं एकदम उडवणारे धुराचे डबे. खोलीच्या मध्ये ठेवून कळ दाबली की धुकं होतं, समाधान वाटतं, पण थेंब वरच्या पृष्ठभागांवर बसतात आणि चिरांत शिरत नाहीत. ओहायोमधल्या एका विद्यापीठाने २०१२ मध्ये अशा डब्यांची चाचणी घेतली, लपलेल्या ढेकणांवर जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. वर ते ज्वलनशील. रॉकेल आणि स्पिरिट ओतणारेही असतात. त्यांच्या घरी ढेकूण राहतात आणि पलंग जळतो.

फिनाईल. ते जंतूंसाठी आहे. निर्जंतुकीकरण आणि कीटकनाशन यांची गल्लत खात्यात येणाऱ्या अर्जांतही रोज दिसते.

आणि गोळ्या. यावर मी थांबून लिहिणार आहे. साठवणीतल्या धान्याला लावायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही जण पलंगाखाली ठेवतात, खोली बंद करतात आणि शेजारच्या खोलीत झोपतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटीतून, पाइपांच्या भोकांतून, छताच्या चिरेतून दुसऱ्या घरात जातो. त्यावर उतारा नाही. अशाने मुलं दगावली आहेत, आणि कित्येकदा ती शेजाऱ्यांची. कोणी 'खात्रीशीर उपाय, एकाच वेळेत' म्हणून पुडीत, लेबलाशिवाय गोळ्या देऊ केल्या तर घेऊ नका आणि आरोग्य खात्याला कळवा. इमारतीत कोणी त्या ठेवल्याचं कळलं आणि मळमळ, चक्कर, छातीत दडपण, श्वास जड असं काही वाटलं तर खिडक्या उघडत बसू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत या, आत परत जाऊ नका, आणि दवाखान्यात गोळ्यांचं नाव सांगा.

जाता जाता, हे तारखेचं गणित ढेकणांपुरतं नाही. पिसवांचा कोष फवारणीला दाद देत नाही, त्यामुळे औषधानंतर दोनेक आठवडे नव्या पिसवा निघतच राहतात. पावलांच्या कंपनाने त्या बाहेर येतात, म्हणून त्या काळात रोज व्हॅक्यूम फिरवायचा. लहान तपकिरी झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची पेटी फुटायच्या वेळेपर्यंत अंगावरच बाळगते. तिथे जेलची ठिपकी लावली असतील तर वरून फवारा मारू नका, झुरळं जेलला तोंडच लावणार नाहीत.

संपलं हे कसं कळणार

"आता दिसत नाहीत" यावर मी फाइल बंद करत नाही. पलंगाच्या चारही पायांखाली दोन कड्यांची सापळ्याची वाटी ठेवतो. पलंग भिंतीपासून वीतभर लांब, चादर जमिनीला टेकलेली नको, नाहीतर ढेकूण वाटीत कशाला उतरेल? बाहेरच्या कड्यात पडला तो खोलीतून पलंगाकडे निघालेला. आतल्या कड्यात पडला तो पलंगातच राहणारा. कुठे शोधायचं ते ढेकूणच सांगतो. वाटीच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा आणि धूळ बसली की पुन्हा. उष्ण प्रदेशातल्या ढेकणाची जात गुळगुळीत भिंतीवर जास्त चांगली चढते, हे २०१७ मध्ये तपासून पाहिलं गेलंय, त्यामुळे तिथे पावडरीत हयगय चालत नाही.

वाट्या आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी बघायच्या. शेवटचा जिवंत ढेकूण मिळाल्यापासून आठ आठवडे वाट्या रिकाम्या राहिल्या तर काम झालं म्हणायचं. आठ अशासाठी की एखादं अंडं राहिलं असेलच तर ते फुटून, पाच काती टाकून मोठं होईपर्यंत त्याला निदान पाच-सहा वेळा तुमच्याकडे यावंच लागेल, आणि एवढ्या येरझाऱ्यांत ते एकदा तरी वाटीत पडतं.

आमच्या कामाच्या चिठ्ठीवर पूर्वी नाव, पत्ता आणि 'तक्रारीचे स्वरूप' एवढंच होतं. स्वरूपात सगळे 'ढेकूण' लिहायचे. आता तिथे तीन रकाने आहेत: मागची फवारणी, पहिला दिसल्याची तारीख, आकार. गेल्या आठवड्यात एक चिठ्ठी आली, तिला चिकटपट्टीचा तुकडा टाचलेला होता आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं: "बारावा दिवस. टाचणीएवढे, तीन. उजवीकडची हातळी." पंप गाडीतच ठेवला आणि वाफेचं यंत्र घेऊन वर गेलो.